दूरध्वनीच्या कळांचे स्वर

दूरध्वनियंत्रावरील कळ दाबली असतां जो लहानसा नाद कानीं पडतो, तो एक स्वर नसून दोन स्वरांची जोडी असते, हें पुष्कळांच्या ध्यानांतहि येत नाहीं. ही जोडी कां, आणि तिच्यामुळें काय साधतें, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कळांच्या आधीं तबकडी होती. पालकांपैकीं ज्यांनीं ती फिरविली आहे त्यांस आठवत असेल कीं, छिद्रांत बोट घालून ती फिरवावी आणि घरघर करीत परत येईपर्यंत वाट पाहावी. परत येतांना ती तारेंतील विद्युत्प्रवाह खंडित करी. तिनाच्या अंकास तीन वेळां, नवाच्या अंकास नऊ वेळां, व शून्यास दहा वेळां. सेकंदास असे सुमारें दहाच खंड पडत, म्हणजे एकट्या शून्यासच एक सेकंद लागे! पण खरी अडचण निराळीच होती. हे खंड आपल्या केंद्रासाठीं असत. पलीकडल्या मनुष्याशीं जोड झाल्यावर त्यांचा अर्थ तेथवर पोंचत नसे, फार तर खटखट ऐकूं जाई. याच्या उलट, जो नाद बोलण्याच्याच वाटेनें जातो, तो बोलणें पोंचतें तेथें पोंचतो.

हें तत्त्व धरून अमेरिकेंतील बेल कंपनीनें १८ नोव्हेंबर १९६३ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गांवीं कळांचे दूरध्वनि लोकांच्या हातीं दिले. तेव्हां कळा दहाच होत्या. तारा व चौकट या दोन कळा १९६८ सालीं आल्या. कळांच्या चार आडव्या ओळींस अनुक्रमें ६९७, ७७०, ८५२ व ९४१, आणि तीन उभ्या ओळींस १२०९, १३३६ व १४७७ अशीं दर सेकंदाचीं आंदोलनें नेमून दिलेलीं आहेत. पांचाची कळ दुसऱ्या आडव्या व दुसऱ्या उभ्या ओळींत येते. म्हणून ती दाबतांच ७७० व १३३६ हे दोन स्वर एकदम निघतात. १६३३ आंदोलनांची चौथी उभी ओळहि आहे. ती अमेरिकेच्या लष्करी दूरध्वनींत तातडीच्या संदेशांस अग्रक्रम देण्यासाठीं वापरीत.

हे आंकडे असे वांकडेतिकडे कां? पाटी घेऊन खालच्या चारांची दुप्पट करून पाहा: १३९४, १५४०, १७०४, १८८२. यांपैकीं एकहि वरच्या गटांतील आंकड्याशीं जुळत नाहीं. तारेंत स्वर थोडा विकृत झाला कीं त्याच्या दुपटीचा स्वरहि उमटतो. तो दुसऱ्या कळेचा भासूं नये, म्हणून ही योजना.

आतां दोन स्वरच कां? मनुष्याच्या बोलण्यांत, शिटींत व गाण्यांत अनेक आंदोलनें असतात. एकाच स्वराची खूण ठेविली असती, तर कोणाच्या तोंडून ती सहज निघाली असती. येथें मात्र यंत्र दोन्ही गटांतून एकेकच स्वर मागतें, दोहोंचा जोर फार विषम नसावा असें पाहतें, आणि जोडी कांहीं क्षण टिकली तरच ती मानतें. एवढी परीक्षा साध्या बोलण्यास क्वचितच उतरते.

हौशी विद्यार्थ्यांस ‘एमटी ८८७०’ नांवाची अठरा पायांची चकती परिचयाची असेल. हिला दर सेकंदास ३५,७९,५४५ आंदोलनें करणारा स्फटिक लागतो. अमेरिकन पद्धतीच्या रंगीत दूरचित्रवाणीसाठीं तोच लागत असल्यामुळें तो स्वस्त मिळे. ओळखलेली कळ ही चकती चार तारांवर द्विमान पद्धतीनें मांडते. पांच म्हणजे ०१०१; परंतु शून्य म्हणजे ०००० नव्हे, तर १०१०, म्हणजे दहा! जुन्या तबकडीची आठवणच म्हणा ना. जुळणी करतांना हें विसरल्यास दिवा भलताच लागतो.

या चार तारांनीं दिवा लागतो, तसा शेतावरचा पंपहि सुरू करतां येतो; आपल्याकडे पुष्कळ शेतकरी घरबसल्या तसें करतात. मात्र यंत्राचा क्रमांक ठाऊक असलेला कोणीहि पंप चालवूं नये, म्हणून आधीं गुप्त अंक मागणारी जोडणी हवी. आणि दुरुस्तीसाठीं पंपास हात लावणाऱ्यानें केवळ दूरध्वनि बंद करून भागत नाहीं. मुख्य कळ पाडून फ्यूज काढलाच पाहिजे. विजेच्या या भागास विद्यार्थ्यांनीं जाणत्या तंत्रज्ञाशिवाय हात घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भ्रमणध्वनि आपला क्रमांक या स्वरांनीं लावीत नाहीं. तो अंकरूप संदेशानें जातो. जोड झाल्यावर ‘मराठीसाठीं एक दाबा’ असें सांगणाऱ्या यंत्राशीं मात्र हेच स्वर बोलतात. अर्थात् त्या वेळीं दाबलेले गुप्त अंकहि स्वररूपानें पलीकडे जातात, व संभाषण मुद्रित झालें असल्यास त्यांतून पुन्हा वाचतां येतात. याच कारणानें कित्येक संस्था, ग्राहक अंक दाबीत असतांना, कर्मचाऱ्याच्या कानीं व मुद्रणांत मूळ जोडीऐवजीं एकच सपाट नाद जाऊं देतात.