स्मृतीचा उतार : एमआरआय काय सांगतो, काय सांगत नाही

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीच्या एमआरआयचा रिपोर्ट आला होता. "तू कॉन्व्हेंटची ना, मग तूच वाच," बाबा म्हणाले. मी फाडफाड वाचला. शेवटी 'माइल्ड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी' असं होतं. "म्हणजे काय गं?" आईने विचारलं. मी म्हटलं, "मेंदू आकसतोय." आजी शेजारीच शेंगा सोलत बसली होती. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

इंग्रजी वाचता आलं म्हणजे रिपोर्ट कळला असं नव्हे, हे मला दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेल्यावर समजलं. हॉस्टेलवर परतल्यावर जे वाचलं ते इथे मांडते. मित्रांनो, आजी-आजोबा तुमच्याही घरी आहेत. असा कागद कधीतरी तुमच्याही हातात येईल.

मशीन नक्की काय बघतं?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. आपल्या शरीरात भरपूर पाणी, म्हणजेच भरपूर हायड्रोजन. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे प्रोटॉन ठरावीक फ्रिक्वेन्सीने भोवऱ्यासारखे घुमतात. १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. म्हणजे १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे ६४ आणि ३ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे १२८. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये असतो, म्हणजे एक मशीन त्याच्या खाली आणि दुसरं वर! त्याच फ्रिक्वेन्सीचा पल्स दिला की प्रोटॉन उलट सिग्नल देतात. चुंबकीय क्षेत्र जागेनुसार थोडं थोडं बदललं तर सिग्नल कुठून आला ते फ्रिक्वेन्सीवरून ओळखता येतं. पुढचं काम फोरियर ट्रान्सफॉर्मचं. होय, आपण सबमिशनच्या वेळी ज्याला शिव्या घालतो तोच. या शोधांसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

टी-१ प्रकारच्या चित्रात मेंदूभोवतीचं पाणी काळं, आतला पांढरा भाग उजळ आणि वरची साल करडी दिसते. पेशी आणि त्यांचे धागे नष्ट झाले की रिकामी जागा पाण्याने भरते आणि चित्रात काळा भाग वाढतो. यालाच अ‍ॅट्रॉफी म्हणतात.

आधी कुठे बघायचं?

कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांची फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. लहानपणीचं मात्र बरंच आठवत असे. अल्झायमरमध्ये झीज बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या सालीपासून सुरू होते. म्हणूनच अशा माणसाला शाळेतल्या बाई आठवतात, पण सकाळी चहा घेतला का ते आठवत नाही. हा भाग नुसत्या नजरेने बघून ० ते ४ असे गुण द्यायची शेल्टेन्स यांची पद्धत १९९२ पासून आहे.

एका बिंदूवरून उतार निघत नाही

माझी चूक इथे झाली. 'आकसतोय' हे क्रियापद चालू काळातलं, आणि माझ्या हातात स्कॅन एकच! एका बिंदूवरून ग्राफचा स्लोप काढणारा व्हायवात नापास होतो. मेंदू वयानुसार सगळ्यांचाच थोडा कमी होतो. अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला अंदाज असा : निरोगी वृद्धांत हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे १.४ टक्के घटतो, अल्झायमरमध्ये सुमारे ४.७ टक्के.

आता हिशोब करू. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस ३ घन सेंटिमीटर धरला, तर १ मिलिमीटरचे ३००० व्हॉक्सेल होतात. वर्षाला ४२ गेले तर वय, १४१ गेले तर आजार. फरक शंभरेक व्हॉक्सेलचा. आणि हा आकार साधा घन धरला तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त व्हॉक्सेल कडेवर पडतात, जिथे अर्धं पाणी, अर्धा मेंदू! डोकं हललं, मशीन बदललं, की आकडा चुकला. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी केली की चूक केवढी फुगते, हे फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये आपण भोगलेलं आहे. म्हणून १९९७ मध्ये लंडनच्या फ्रीबरो आणि फॉक्स यांनी वेगळी युक्ती मांडली. दोन आकारमानं मोजून वजा करायची नाहीत. दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसवायची आणि कड किती सरकली तेवढंच मोजायचं. हा पेपर आयईईईच्या जर्नलमध्ये आहे, म्हणजे हे काम आपलंही आहे.

झीज म्हणजे निदान नव्हे

बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइड यांनीही विसरायला होतं. पडल्यावर कवटीखाली साचलेलं रक्त किंवा मेंदूतल्या पोकळ्यांत वाढलेलं पाणी स्कॅनमध्ये दिसू शकतं, आणि त्यावर उपाय असतात. स्कॅनचा पहिला उपयोग हाच. उलट, २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची घसरण थोडी मंदावली, पण त्यांच्या मेंदूचं आकारमान मात्र जास्त घटलं! त्याच्या कारणावर अजून वाद आहे.

डॉक्टरांनी फिल्म दोन मिनिटं बघितली आणि आजीशी वीस मिनिटं बोलले. भाजी कोण आणतं, पैशांचा हिशोब जमतो का, रस्ता चुकता का? मग बी-१२ तपासलं, ते फारच कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. "वर्षाने पुन्हा स्कॅन करू, त्याच मशीनवर," ते म्हणाले. तोवर काही नक्की सांगता येणार नाही.

घरी येऊन मी आजीला हे सगळं मराठीत समजावलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुझाही फोटो काढून घे गं. परवा टॉवेल न्हाणीघरातच विसरलीस."