बाभळीचे नाव

बाभळीला हिंदी प्रदेशात बबूल किंवा कीकर म्हणतात, तमिळनाडूत करुवेलम, तर बंगालमध्ये बाबला. उलटपक्षी मराठीत ‘वेडी बाभूळ’ म्हणून ओळखले जाणारे झाड मूळचे अमेरिका खंडातले असून त्याची प्रजातीही निराळी आहे. एका झाडाला अनेक नावे आणि एका नावाखाली अनेक झाडे, हा घोटाळा टाळण्यासाठी शास्त्रज्ञ द्विपद नामपद्धती वापरतात. १७५३ साली लिनीअसने आपल्या ग्रंथात ही पद्धती वनस्पतींना सर्रास लागू केली. नावातील पहिले पद प्रजातीचे व दुसरे जातीचे.

लिनीअसने बाभळीला लाजाळूच्या शेजारी बसवून ‘मिमोसा निलोटिका’, म्हणजे नाईलकाठची, असे नाव दिले. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने ‘आकेशिया’ ही प्रजाती वेगळी मानली आणि कालांतराने बाभूळ तिच्यात गेली. प्रजाती बदलली, तरी ‘निलोटिका’ हे पद मात्र टिकले; कारण जातीला नियमानुसार मिळालेले सर्वांत जुने पद सहसा बदलता येत नाही.

हळूहळू आकेशिया ही प्रजाती अतोनात फुगली. तिच्यात तेराशेहून अधिक जाती गोळा झाल्या. बाभळीला सरळ काट्यांच्या जोड्या व फुलांचे पिवळे गोंडे. खैराला आकड्यासारखे वळलेले काटे व फुलांची लांब कणिशे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक जातींना तर काटेच नाहीत, आणि पुष्कळांत खरे पानही नाहीसे होऊन चपटा झालेला देठच पानाचे काम करतो. हे सारे एका पूर्वजाचे वंशज नव्हेत, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने स्पष्ट झाले. समान पूर्वजाची संतती तेवढी एका गटात ठेवावी, हे आजच्या वर्गीकरणाचे तत्त्व असल्यामुळे प्रजातीची विभागणी अटळ ठरली.

आता जुने नाव कोणी घ्यावयाचे? नियम असा की, प्रत्येक प्रजातीचे नाव एका प्ररूप-जातीशी बांधलेले असते. ती जाती जिकडे जाईल तिकडे नाव जाते. आकेशियाचे प्ररूप बाभूळच होते. परंतु त्यामुळे ऑस्ट्रेलियातील जवळजवळ एक हजार जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून २००३ साली तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्ररूपच बदलून एक ऑस्ट्रेलियन जाती नेमावी, असा प्रस्ताव मांडला. २००५ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत निम्म्याहून अधिक मते प्रस्तावाच्या विरोधात पडली. तथापि समितीची शिफारस फेटाळण्यास साठ टक्के मते आवश्यक मानली गेल्याने प्रस्ताव तरला. आफ्रिकेतील अनेक अभ्यासकांना हा अन्याय वाटला. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेने निर्णय कायम केला. संख्येचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘काटा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी ज्याचे नाते सांगतात, ते नाव काटे नसलेल्यांकडे गेले, ही मौज नाकारता येत नाही.

बाभळीच्या गटासाठी मग जुन्या ग्रंथांतून सर्वांत आधीचे उपलब्ध नाव शोधण्यात आले. ते सापडले वाइट आणि वॉकर-आर्नट यांच्या १८३४ सालच्या, भारतीय द्वीपकल्पातील वनस्पतींवरील ग्रंथात. चीनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या व्हाचेल नावाच्या धर्मोपदेशकावरून त्यांनी ‘व्हाचेलिया’ ही प्रजाती स्थापिली होती. त्यामुळे बाभूळ आता ‘व्हाचेलिया निलोटिका’ झाली आणि खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’. कोकणात लावलेली, कोयत्यासारख्या चपट्या देठांची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आकेशियाच राहिली.

कुकच्या मुंबई इलाख्यावरील ग्रंथात बाभूळ शोधू जाल तर ती ‘आकेशिया अरेबिका’ या नावाखाली आढळेल. नंतरच्या पुस्तकांत ‘आकेशिया निलोटिका’ म्हणून. अशी मागे पडलेली नावे पुसून टाकीत नाहीत. नव्या नावाखाली ती पर्यायनामे म्हणून नोंदविली जातात.