काटेरी प्राण्याचे गणगोत

सास्तूर हे धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्याचे एक गाव. मराठवाड्यातील अशा गावांच्या शिवारात भुईमूग किंवा रताळी लावलेली असली, म्हणजे सकाळी बांधावर कधी कधी एखादा काळा-पांढरा, वीतभर लांबीचा काटा पडलेला आढळतो. रात्री साळिंदर येऊन गेले, हे शेतकरी त्यावरून ओळखतो. पुढे एखाद्या पुस्तकात मुले 'हेजहॉग' या लहानशा काटेरी प्राण्याचे चित्र पाहतात आणि 'हे साळिंदराचे पिल्लू!' असे म्हणून मोकळी होतात. परंतु हा तर्क बरोबर आहे काय?

हेजहॉगला संस्कृतात 'जाहक' असे नाव आहे. हा प्राणी दोन्ही ओंजळींत सहज मावेल एवढाच असतो. त्याच्या पाठीवर हजारो आखूड काटे असतात. संकट येताच त्याच्या कातडीखालील स्नायू बटव्याच्या दोरीप्रमाणे आवळले जातात; डोके, पाय व मऊ पोट आत ओढले जाते आणि बाहेर उरतो तो काट्यांचा एक चेंडू! साळिंदराला असा चेंडू करता येत नाही. त्याचे लांब काटे सहज गळून पडतात. जाहकाचे काटे मात्र अंगाशी घट्ट राहतात.

दोघांच्या तोंडात डोकावले, तर भेद अधिक स्पष्ट होतो. साळिंदराचे पुढील दात पटाशीसारखे असून ते जन्मभर वाढत राहतात. मुळे व कंद कुरतडण्यासाठी ते योग्यच आहेत. कारण साळिंदर हे उंदीर व खार यांच्या कुळातले आहे. जाहकाचे दात लहान व टोकदार असतात. ते भुंगेरे, किडे व गांडुळे यांचा समाचार घेण्यासाठी आहेत.

मग जाहकाचे खरे आप्त कोण? रात्री भिंतीच्या कडेने चीं चीं करीत धावणारी चिचुंदरी ही त्याच्या नात्यातली! तिचे निमुळते नाक व अणकुचीदार दात पाहिले, म्हणजे या नात्याची खूण पटते. आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणानेही तेच सिद्ध झाले आहे. चिचुंदरीला लोक उंदीर समजतात; पण तीही उंदीर नव्हे. जाहकाचे त्याहून जवळचे भाऊबंद आग्नेय आशियाच्या अरण्यांत राहतात. त्यांच्या अंगावर एकही काटा नसतो, नुसते केस असतात. काटा म्हणजे तरी काय? कठीण झालेला केसच. मादागास्करमधील टेनरेक हा प्राणीही काटेरी असतो, पण त्याचे दूरचे नाते हत्तीशी पोहोचते. आणि ऑस्ट्रेलियातील काटेरी एकिडना तर अंडी घालतो. गरज सारखी म्हणून उपायही सारखा. परंतु कुळे मात्र निरनिराळी!

जाहकाचे घराणे फार प्राचीन आहे. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आजच्या कॅनडात या कुळातील एक अंगठ्याएवढा प्राणी राहत होता. त्याच्या जीवाश्माचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील ही शाखा नष्ट झाली. म्हणून तेथे आज रानटी जाहक आढळत नाही. युरोप, आशिया व आफ्रिका हीच त्याची मायभूमी उरली. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतकऱ्यांनी त्याला नेऊन सोडले. तेथे तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त करतो. त्यामुळे युरोपात बागेचा मित्र ठरलेला हा प्राणी तेथे उपद्रवी ठरला आहे.

आता भारताकडे वळू. भारताचा भूखंड एके काळी सागरात एकाकी होता. उत्तरेकडे सरकत सरकत तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. तो रेटा आजही थांबलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या भूकंपाने किल्लारी व सास्तूर परिसरातील घरे कोसळली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली, त्याचे मूळही याच रेट्यात असल्याचे शास्त्रज्ञ मानतात. भूमीची ही हालचाल माणसास दुःख देऊन गेली. परंतु तिनेच प्राचीन काळी आशियातील प्राण्यांना भारतात पायी येण्याची वाट खुली केली.

आज भारतात जाहकाच्या तीन जाती आहेत. लांब कानांचा जाहक व भारतीय जाहक वायव्येकडील राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशात राहतात. तिसरी जात दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूच्या माळरानांवर आढळते. सास्तूरचे शिवार या दोन प्रदेशांच्या मधल्या मुलखात येते. दक्षिणेकडील जाहक पूर्वी भारतीय जाहकाचाच पोटभेद मानला जाई; आता तो स्वतंत्र जात म्हणून ओळखला जातो.

या निरुपद्रवी प्राण्याला आज शत्रू मात्र पुष्कळ आहेत. तमिळनाडूत औषधाच्या समजुतीने त्याला मारतात. माळराने नांगराखाली जातात. वाहन समोर येताच तो पळण्याऐवजी चेंडू होऊन बसतो आणि चिरडला जातो. कोट्यवधी वर्षे ज्या युक्तीने त्याला तारले, तीच आता त्याला घातक ठरते. त्याच्या नात्यातल्या चिचुंदरीवरही उंदीर समजून काठी उगारली जाते. घरातली झुरळे तीच खाते, हे कोणी ध्यानात घेत नाही.

बाह्य रूपावरून कोणाचे कूळ ठरवू नये आणि पुरती ओळख होण्यापूर्वी कोणावर हात उगारू नये, हेच या काटेरी प्राण्याची कथा आपणांस सांगते.

स्वाध्याय

१. साळिंदर व जाहक यांच्यातील तीन फरक सांगा.
२. अमेरिकेत आज रानटी जाहक का आढळत नाही?
३. 'गरज सारखी म्हणून उपायही सारखा. परंतु कुळे मात्र निरनिराळी' हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : खूण पटणे, समाचार घेणे, हात उगारणे.
५. चिचुंदरी व उंदीर यांचे दुरून निरीक्षण करा व आढळलेले फरक वहीत लिहा.