कपातीची कात्री आणि ‘निमरॉड’

पुतणी : काका, संरक्षण खर्चात कपात झाली की सैन्याला विमानं, तोफा कमी मिळतात. एवढंच ना?

काका : अगं, विमानं कमी झाली तर निदान दिसतात तरी. पण विमान उडण्याजोगं आहे की नाही हे तपासणारी माणसं कमी झाली, तर कागदावर नुसती बचत दिसते. ब्रिटनच्या हवाई दलातल्या ‘निमरॉड’ विमानांचंच बघ. 2 सप्टेंबर 2006 रोजी कंदाहारजवळ त्यातलं एक्सव्ही 230 हे विमान पेटून कोसळलं. आतले 14 जण गेले.

पुतणी : शत्रूने पाडलं?

काका : नाही. हवेतल्या हवेत इंधन भरून झालं आणि काही मिनिटांतच आग लागली. विमानाच्या पोटात इंजिनाची तापलेली हवा वाहून नेणारी नळी होती. तिला आवरण होतं, पण ते सलग नव्हतं. सांडलेलं किंवा गळलेलं इंधन त्या उघड्या जागेपर्यंत पोहोचलं.

पुतणी : इतकी उघड गोष्ट कुणालाच दिसली नाही?

काका : निमरॉड 1969 पासून हवाई दलात होतं. हवेत इंधन भरायची सोय 1982च्या फॉकलंड युद्धात घाईघाईने बसवली. एकेक बदल वेगवेगळ्या वेळी झाला. ते सगळे मिळून काय धोका होतो, हे नीट कुणी पाहिलंच नाही.

पुतणी : मग मंजुरी दिली कशी?

काका : त्यासाठी ‘सेफ्टी केस’ असते. काय काय बिघडू शकतं, त्याची शक्यता किती, त्यावर उपाय काय, हे सगळं पुराव्यानिशी मांडायचं. निमरॉडची सेफ्टी केस बीएई सिस्टिम्सने केली, स्वतंत्र सल्लागार होती क्विनेटिक आणि संरक्षण खात्याने ती मान्य केली. त्यात जवळपास 40 टक्के धोक्यांचा निकाल लागलेलाच नव्हता. या नळीजवळच्या आगीची शक्यता तर नगण्य धरली होती. विमान 30 वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच असणार, असं आधीच गृहीत धरलेलं.

पुतणी : पण हा तर हलगर्जीपणा झाला. कपातीचा काय संबंध?

काका : चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी 2009च्या चौकशी अहवालात तोच जोडून दाखवला. 1998च्या संरक्षण फेरआढाव्यानंतर देखभाल-पुरवठा विभागाला 5 वर्षांत 20 टक्के खर्च कमी करायचं लक्ष्य मिळालं. वर्षानुवर्षं फेररचना चालू राहिली. वरिष्ठांचं लक्ष पैशाकडे गेलं आणि उड्डाणयोग्यतेची काळजी मागे पडली. कंत्राटदारांना आणि सल्लागारांनाही हॅडन-केव्ह यांनी सोडलं नाही.

पुतणी : मग कपात करूच नये का?

काका : करावी ना! पैसा जनतेचा आहे, उधळपट्टी थांबायलाच हवी. पण कात्री लावण्याआधी मंजुरी देणाऱ्या अभियंत्याला विचारावं, की यातली कुठली तपासणी आता होणार नाही? आणि त्याचं उत्तर लेखी घ्यावं. त्याला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार हवा आणि त्याची बढती बचतीच्या आकड्यावर अवलंबून नको. त्या अहवालानंतर ब्रिटनने 2010 मध्ये लष्करी विमानांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारलं. 14 घरं उद्ध्वस्त झाल्यावर केलेलं हे काम आपल्यासकट प्रत्येक देशाने अपघाताची वाट न बघता करायला हवं.