ज्ञानकार्यास दीर्घ नजर हवी

महोत्सवी वर्षात झालेल्या कार्याचा आढावा घेणे उचितच होय. तथापि पुढील पन्नास वर्षांचा विचार कसा करावा, हे शिकणे अधिक अगत्याचे आहे. या दृष्टीने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

हे काम १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पुरे झाले. १९२५ साली डॉ. वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले. १९४३ साली ते निवर्तले, तेव्हा अठरा पर्वांपैकी बरीचशी व्हावयाची होती. तरी काम थांबले नाही. डॉ. बेलवलकर व त्यांच्यामागून डॉ. वैद्य यांनी ते तडीस नेले.

हे कशामुळे साधले? पहिले कारण, कामाची रीत कोणा एकाच्या डोक्यात नव्हती, कागदावर होती. प्रत्येक श्लोक स्वतंत्र तक्त्यावर अक्षरशः मांडीत आणि निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद त्याखाली ओळीने नोंदवीत. निवडीचे नियमही सुखटणकरांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत छापून ठेवले. त्यामुळे मागून येणाऱ्यास मागचे काम तपासता येई. दुसरे कारण, भार एकाच दात्यावर नव्हता. औंधच्या राजेसाहेबांनी पुढाकार घेतला, तर हैदराबादच्या निजामांनीही वार्षिक साहाय्य दिले. विद्येच्या कामी धर्मभेद आड आला नाही, हे आम्हां शिक्षकांस मुलांपुढे अभिमानाने सांगता येते.

तिसरा धडा कटू आहे. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने त्या संस्थेत शिरून मोडतोड केली. छापलेली आवृत्ती गावोगावच्या ग्रंथालयांत होती, म्हणून तिला धोका नव्हता. पण ज्या पोथीची दुसरी प्रत नाही, ती गेली की कायमचीच जाते.

आपल्या घराघरांतही मोडी दप्तरे, फारसी सनदा, जुनी इतिवृत्ते रुमालांत बांधलेली आहेत. संस्थेने प्रथम त्यांची यादी करावी. मग छायाप्रती काढून दोन वेगळ्या गावी ठेवाव्यात. संगणकावरील प्रतही ठरावीक वर्षांनी नव्या साधनावर उतरवावी लागते; तिचा खर्च दरसालच्या अंदाजपत्रकात धरावा, देणगीची वाट पाहू नये. आणि दरवर्षी निदान चार मुलांस मोडी व फारसी लिपी शिकवावी. कागद टिकला आणि वाचणारा उरला नाही, तर कपाट भरलेले असूनही घर रितेच.