तारीख जरा पुढे ढकल

अगं, नवऱ्याच्या नसबंदीची तारीख घेतोय म्हणालीस आणि लगेच पुढे विचारलंस, "दुसरं मूल झालं आणि त्यालाही शुगर निघाली तर?" ताई म्हणून सांगते, या दोन गोष्टींची गाठ मारू नकोस. लेकीचा टाइप वन मधुमेह कळून अजून हिवाळासुद्धा सरलेला नाही. रात्री दोनला सेन्सरचा अलार्म वाजतो, तिला अर्धवट झोपेत ज्यूस पाजायचा आणि मग स्वतः पहाटेपर्यंत जागं राहायचं. इतक्या थकलेल्या मनानं जन्माचा निर्णय घेऊ नये.

आधी लेकीचं बघू. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. लाडू-चॉकलेटनं हा आजार होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. सासूबाई फोनवर "आमच्याकडे घरोघरी आहे" म्हणतात ती शुगर वेगळी, टाइप टू. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा जो अभ्यास केला, तो त्या शुगरचं मूळ शोधणारा. आपली बाळं वजनानं लहान, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, असं त्यांना दिसलं. तुझ्या लेकीच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, तेव्हा ती बोलणी मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. एका मुलाला टाइप वन असेल तर सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच-सहा. इतरांपेक्षा जास्त आहे, खोटं कशाला सांगू? पण शंभरातल्या नव्वदहून जास्त भावंडांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय आता रक्तातल्या अँटिबॉडी तपासून धोका आधी ओळखता येतो, आणि आजार लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. टोरंटोत जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत. तुझी लेक शाळेत जाते, सायकल चालवते. मोठी होऊन तिला काय करायचं ते करू दे.

आणि एवढं समजूनही तुम्हाला एकच मूल पुरे वाटत असेल, तर नसबंदी जरूर करा. मी उलट म्हणेन, नवऱ्यानंच करावी. भारतात २०१९-२१ च्या पाहणीत बायकांची नसबंदी जवळजवळ ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के होती. बाईचं पोट उघडण्यापेक्षा पुरुषाची नसबंदी कितीतरी हलकं काम आहे. भूल जागेपुरती, आणि तासाभरात माणूस घरी. तरी आपल्याकडे आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती अजून आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून टळलं. तुझ्या सासऱ्यांच्या पिढीनं ते दिवस पाहिलेत, म्हणून ते "अशक्तपणा येतो" म्हणाले तर रागावू नकोस, नीट समजावून सांग.

अशक्तपणा येत नाही. फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात जातं, त्याला धक्का लागत नाही. माकडांवरच्या प्रयोगांमुळे १९८० च्या सुमाराला हृदयविकाराची भीती पसरली होती. नसबंदीनंतर बऱ्याच पुरुषांच्या रक्तात शुक्रजंतूंविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, म्हणून आणखी आजार होतील का, अशीही शंका होती. १९८४ मध्ये दहा हजारांहून अधिक पुरुषांचा मोठा अभ्यास छापून आला आणि ही भीती खरी ठरली नाही. प्रोस्टेट कॅन्सरचा वाद मात्र पुरता मिटलेला नाही. काही अभ्यासांत किंचित वाढ दिसते, काहींत तीही नाही. शंभरात एक-दोघांना मात्र वृषणात दुखणं राहतं, हे त्याला आधीच सांग. तीन महिन्यांनी वीर्य तपासून जंतू नाहीत असं कळेपर्यंत दुसरं साधन वापरायचं. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची हमी नाही, आणि वर्षं जातील तशी आशा कमी होते. म्हणूनच म्हणते, घाई नको.

इथे आयर्लंडमध्ये नावनला राहून एक सोय हातची सोडू नकोस. लाँग टर्म इलनेस योजनेत मधुमेह येतो. तुमचा पगार कितीही असो, इन्सुलिन आणि स्ट्रिप्सना पैसे पडत नाहीत. अर्ज केला नसशील तर या आठवड्यात कर. आणि लेकीच्या नर्सला भावंडाच्या धोक्याबद्दल तुझ्या तोंडानं विचार, तो प्रश्न तिला नवा नसेल.

शनिवारी लेकीला माझ्याकडे सोड. डोस किती, शुगर लो झाली तर काय द्यायचं, वाटीभर भाताचे कार्ब्स किती धरायचे, सगळं कागदावर लिहून दे. तुम्ही दोघं जेवायला बाहेर जा, आणि आणखी एक मूल हवं का, एवढंच बोला.