वीरगळ आणि मागे राहिलेली घरे

महाराष्ट्रात गावोगावच्या मंदिरांच्या आवारात आढळणारे वीरगळ धारातीर्थी पडलेल्या योद्ध्यांची स्मृती जपतात. खालच्या चौकटीत झुंज वा मृत वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाचे पूजन आणि माथ्यावर चंद्रसूर्य अशी त्यांची सामान्य मांडणी असते. बहुतेकांवर लेख नसल्याने वीराचे नावही उरलेले नाही. त्याचे स्वर्गारोहण तेवढे निःसंदिग्ध आहे. घर मात्र या चौकटींत सहसा येत नाही. पत्नी येते ती सतीशिळेवरील, कोपरात वळलेल्या, चुडा भरलेल्या हाताच्या रूपाने. म्हणजे तीही मागे राहिली नाही म्हणून. जी राहिली, तिच्यासाठी शिल्पकाराजवळ चिन्हच नव्हते.

माध्यमभेद गृहीत धरूनही प्राचीन तमिळ परंपरेशी येथे तुलना करावीशी वाटते. वीरांचा 'नडुकल' तेथेही आहे; पण तोलकाप्पियमने विधवेच्या व्रतस्थ जिण्याला 'ताबदनिलै' असे स्वतंत्र नाव दिले आहे. पुरनानूरुतील २७९ वे कवन अधिक परिचित: पती रणात पडल्यावर एकुलत्या मुलाच्या हाती भाला देणारी माता. तेथे शौर्याचाच गौरव आहे. तो वीरगळच म्हणावा, केवळ शब्दांत कोरलेला. ओक्कूर मासात्तनार यांचे २४८ वे कवन अवघ्या पाच ओळींचे. त्यात पतीच्या मृत्यूचा उल्लेख आहे, रणाचा नाही. विधवा स्वतः बोलते, तेही पांढऱ्या कुमुदाविषयी: तारुण्यात त्याची पाने अंगावर ल्याली होती, आता जेवणाची वेळ टळून गेल्यावर त्याचेच बी तिचे अन्न होते.